प्रति नोंद एक्केचाळीस रुपये

ऐरोलीला खाडीच्या काठावर दोन कंटेनर,
एक होडी, आणि एक जनरेटर
जो मी पोचले तेव्हा शेजारच्या लग्नाला गेला होता.
माझ्या पर्समध्ये मुख्यालयाचं पत्र:
‘केंद्र चालू ठेवणे किफायतशीर आहे किंवा कसे,
चार दिवसांत कळवावे.’

पहिला दिवस सोपा गेला.
एकोणीस वर्षांचा खर्च दोन कोटी सहासष्ट लाख,
शोधनिबंध अडतीस.
निबंधाला सात लाख, बाकी शून्य.
इतका नीट भागाकार मी नोकरीत क्वचित पाहिलाय.
टिपणीस चहा ओतता ओतता म्हणाले,
एकोणचाळिसावा येतोय दिवाळीपर्यंत,
आणि लगेच ओशाळले,
भाजीवालीशी घासाघीस करताना कुणी पाहावं तसे.
मुखपृष्ठासाठी रोहित पक्ष्यांचे फोटो
त्यांनी आधीच काढून ठेवले होते.

मला गाळ बघायचा होता.

तिवरांमधून फळीवरून गेलं की
चिखलात एक मापाची काठी उभी आहे.
दर सुकतीला चांगुणा मढवी जाते,
गाळ कुठवर चढला ते वाचते, वहीत लिहिते.
रात्रीच्या सुकतीला बॅटरी, गमबूट
आणि निवट्यांना दोन शिव्या.
काठीशेजारी सव्वाचार लाखांचं यंत्र आहे.
ते हेच काम आपोआप करणार होतं.
त्याच्या तोंडावर कालवं बसली.
आता दर मंगळवारी चांगुणा ती कोयत्याने तासते.
हा खर्च तक्त्यात ‘किरकोळ’खाली आहे.

दुसऱ्या रात्री वह्या मोजल्या.
दिवसाला दोन ओहोट्या, एकोणीस वर्षं:
तेरा हजार आठशे ऐंशी नोंदी हव्यात.
चारशे सत्त्याऐंशी कमी.
मी लाल शाईने वर्तुळ केलं
आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.
काहीतरी सापडलं होतं.

चांगुणा वर्तुळाकडे बघून हसली.
“बाय, पानी रोज पाऊण घंटा उशिरा येतं.
पंधरा दिसांत एक सुकती चांद खातो.
त्याचे पैशे मी घेतले नाय.”

पुन्हा हिशेब केला.
चारशे सत्तर चंद्राकडे निघाल्या.
राहिल्या सतरा, सलग, एका श्रावणातल्या.

“नऊ दिस,” ती म्हणाली.
“पोऱ्या कळव्याच्या हास्पिटलात व्हता.”
मग?
“मंग धाव्या दिसाला परत सुकतीला.”
वहीत त्या दहाव्या दिवसाचं अक्षर
इतर दिवसांसारखंच आहे.
मी दोनदा पाहिलं.

तिचं सगळं मानधन भागिले तिच्या सगळ्या नोंदी:
एक्केचाळीस रुपये.
मी तो आकडा मोठ्याने वाचला, का कोण जाणे.
ती विचार करत राहिली,
मग अगदी बाजारात विचारावं तसं विचारलं,
“आनि तुमचा दिसाचा कवरा?”

बारा हजार.
चार दिवसांचे अठ्ठेचाळीस.
तिचे वीस महिने होतात, हे तिने नाही, मी काढलं.
खर्चाच्या तक्त्यात खाली एक ओळ वाढवली:
‘मूल्यमापन’.
त्यापुढे ‘उत्पादन’ हा रकाना होता.

शेवटच्या पहाटे पावणेपाचची सुकती.
पलीकडे मुलुंडचे दिवे, पुलावर एक ट्रक,
आणि गुडघाभर वास.
तिने बॅटरी माझ्या हातात दिली: तुमी वाचा.
मी वाकले, वाचलं, वहीत लिहिलं,
तारीख, वेळ, आकडा, खाली सही.

ती काठीजवळ गेली.
अंगठ्याने काहीतरी पुसलं, पुन्हा पाहिलं.
माझा आकडा एका रेघेत खोडला
आणि शेजारी बरोबर लिहिला.
सहीला हात लावला नाही.